पाच ठिकाणांचा चिखल

१४ मे, गुरुवार. सायं. ४.३०

आज चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. योगिनीचा फोन आला. अडीच वर्षांनी. मी रेंजसाठी सापगावच्या पुलावर उभा होतो, नाहीतर लागलाच नसता. याला योग म्हणतात.

तिचं एमएस्सीचं शेवटचं वर्ष. खाडीच्या तळाच्या चिखलात राहणारे किडे, शिंपले, बारके खेकडे मोजते. गटारं, कारखाने, प्लास्टिक यांनी त्यांचं काय होतं ते बघते. दर अमावास्येच्या उधाणाला होडीतून पाच ठिकाणचा चिखल काढायचा. एक नंबर समुद्राकडे, पाच नंबर नाल्याच्या तोंडाशी. या रविवारी तिला जमत नाही. सोमवारी सकाळी पुण्यात मुलाखत आहे, समुद्राच्या एका मोठ्या प्रकल्पात दोन वर्षांची नोकरी. (पुण्यात समुद्र नाही. पण मुलाखत तिथेच.) आणि पावसाआधीचा हा शेवटचा चिखल. पाऊस पडला की तळाचं सगळं बदलतं. हा चुकला तर अख्ख्या वर्षाचा अभ्यास लंगडा.

म्हणाली, "भाविक, तुला प्रॅक्टिकलची सवय आहे म्हणून विचारतेय. दुसरं कोणी मोकळं पण नाहीये."

पहिलं वाक्य महत्त्वाचं. दुसरं तिने लाजून जोडलं.

संकल्प : रविवारपर्यंत कोणावरही चिडायचं नाही.

१५ मे, शुक्रवार

रखमीआत्या म्हणाली, "चिखल आणायला येवढ्या लांब? आपल्या खाचरात काय कमी हाय?" चिडलो. संकल्प उद्यापासून.

तसा मी चिडका नाही. कॉलेज सोडलं ते तत्त्वासाठी. प्रॅक्टिकलच्या सरांनी योगिनीसमोर माझं झुरळाचं चित्र उचलून विचारलं, "ही स्कूटर कोणाची?" सगळे हसले. तीही हसली, पण तिचं हसणं वेगळं होतं. मी ट्रे फेकला. ट्रे जुनाच होता.

१७ मे, रविवार. दु. ३

चिखल आणला. पाच पिशव्या. चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात.

होडीवाल्याबद्दल लिहिणं भाग आहे. जगन नाखवा. वय साठ, तोंड त्याहून जुनं. होडीत बसल्या बसल्या म्हणतो, "हात आत घे, ही बैलगाडी नाय." हात आत घेतला. मग मी चिखल उचलायचा तो लोखंडी जबडा दोरीने तळाला सोडला. वर आला तर उघडाच, मध्ये गुटख्याची पुडी अडकलेली. नाखवा हसला. म्हणाला, "आमची योगिनी एका झटक्यात काढते. तू काय तिचा ड्रायव्हर का?"

"आमची" हा शब्द मला खटकला. मी बोललो. तोही बोलला. मी त्याच्या होडीबद्दल जे बोललो ते खरं होतं, फक्त होडीत बसून बोलायला नको होतं. त्याने नाल्याजवळ काठाला लावली. म्हणाला, "उतर."

उतरलो. ढोपरभर चिखल. आता खाडी एकच, पाणी एकच, भरती आली की सगळं इकडचं तिकडे होतं. म्हणून पाचही पिशव्या तिथेच भरल्या. तत्त्वतः फरक पडू नये.

१८ मे, सोमवार. रात्री ८

सकाळी ऑल द बेस्टचा मेसेज टाकला. सोबत होडीतला सेल्फी. निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. मुलाखतीआधी मन विचलित होऊ नये म्हणून.

दुपारी चिखल चाळला, तिने दिलेल्या बारीक चाळणीतून. वर उरलं ते बरण्यांत घालून किडे टिकायचं औषध आणि ते दिसायला गुलाबी रंग टाकला. किडे गुलाबी झाले. माझे हातही. तिने सांगितलंय, मागेन तेव्हा दे.

आत्याने बादल्यांत उरलेल्या चिखलात बोट घातलं. एकेका बादलीत. अंगठ्याने चोळून बघितलं. म्हणाली, "हा एकाच जागचा गाळ हाय."

मी म्हणालो, खाडी एकच असते.

"माझा जल्म चिखलात गेला. वरच्या खाचरातला नि खालच्या खाचरातला डोळं मिटून सांगन. तू मला शिकवतोस? काय केलंस रे?"

सांगितलं. चूक झाली, सांगायला नको होतं. म्हणाली, "मग जा नि त्या म्हाताऱ्याचं पाय धर. पाऊस कुठं पडलाय अजून?"

पाय? मी?

२१ मे, गुरुवार

योगिनीने बरण्या मागितल्या नाहीत. किती विश्वास.

अधिक महिना लागलाय. धोंड्याचा. शेजारच्या सुनीलच्या बहिणीचा नवरा आलाय, त्याला अनारसे, ताट, आग्रह. हा महिना आता तीन वर्षांनी येईल. तोवर आसनगावला योगिनीच्या घरी माझं ताट असायला हरकत नाही.

२४ मे, रविवार

तिचा जुना प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला (तिने कधीतरी ग्रुपवर टाकला होता, मी जपून ठेवलाय). स्वच्छ तळाला वीस जाती राहतात, प्रत्येकी थोड्या. घाण वाढली की एक एक जात जाते. शेवटी एकच लाल किडा उरतो, हजारोंनी. त्याला घाण मानवते.

म्हणजे एक नंबर ते पाच नंबर यांच्यातला फरक हाच तिचा सगळा अभ्यास.

जेवण गेलं नाही.

निर्णय : पौर्णिमेलाही उधाण असतं. ३१ तारखेला जाऊन नाखव्याची माफी मागायची आणि पाचही ठिकाणं परत करायची. पक्कं.

२९ मे, शुक्रवार

माफीचा मसुदा तयार. चार पानं. त्यातली तीन नाखव्याच्या चुकांची, कारण माफी एकतर्फी नसावी.

३१ मे, रविवार. सायं. ६

गेलो होतो. खरंच गेलो होतो. नाखव्याच्या घरापर्यंत. त्याची बायको दारात सुकट निवडत होती. म्हणाली, "मागं जाळं शिवतोय. हाक मारू?"

मी म्हणालो, नको, कामात असतील.

ती म्हणाली, "कसलं काम, बसलाय. ये ना रे, पाणी तरी पी."

मी म्हणालो, परत येतो.

दोन तास जाऊन दोन तास आलो. आत्याने तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी चिडून मोकळा झालो असतो.

३ जून, बुधवार

ढग. संकल्प : उद्या पहाटे.

४ जून, गुरुवार

डोकं दुखत होतं.

६ जून, शनिवार

पडला. रात्रभर. खाडीत आता सगळं गोडं पाणी उतरणार. विषय संपला, माझ्या हातात काही राहिलं नाही. एका अर्थी सुटलो.

आत्या पेरणीला निघताना म्हणाली, "आता तरी त्या पोरीला खरं सांग. ती बिचारी त्यावर लिहीत बसंल." मी म्हणालो, तुला शास्त्र कळत नाही. ती म्हणाली, "नाय कळत. पोरगी कळते."

८ जून, सोमवार

तोडगा निघाला!! इतके दिवस कसा सुचला नाही!

किडे तर सगळे आहेतच (लालांच्या गर्दीत बाकीच्या जातींचे एक-दोन प्रत्येक बरणीत आहेत), फक्त चुकीच्या बरण्यांत आहेत. चिमटा घेतला. एक नंबरमध्ये बारके खेकडे, शिंपले, लांब केसाळ किडे, सगळ्या जाती थोड्या थोड्या. पाच नंबरमध्ये नुसते लाल. मधल्या तीन बरण्या उतरत्या क्रमाने. रिपोर्टमध्ये जसं हवं तसंच. जे निसर्गाने करायला हवं होतं ते मी केलं. चार तास लागले. पाठ मोडली.

आत्या दारात उभी राहून बघत होती. पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

१० जून, बुधवार

उद्या बरण्या स्वतः नेऊन देणार. मागायची वाट किती बघू.

प्लॅन : १) बरण्या. २) मुलाखतीचं अभिनंदन. ३) तिच्या प्रकल्पात होडीवर मदतनीस लागेलच, तो मी. ४) मग मनातलं बोलायचं. थोडक्यात. ५) लग्न दिवाळीनंतर, तोवर अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करता येईल. सरांशी तेव्हा बघू.

शर्ट इस्त्री केला.

११ जून, गुरुवार. सायं. ७

तिच्या घरी मागच्या खोलीत टेबल, भिंग, दिवा. टेबलावर पाच बरण्या आधीच होत्या. चिठ्ठ्यांवर १८ मे. अक्षर तिचं.

मी म्हणालो, अठराला तर तू पुण्यात होतीस.

ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "नाखव्याने रविवारी दुपारी फोन केला. लोणावळ्यापर्यंत पोचले होते. उतरले, परत आले. सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी काढला."

मी विचारलं, मुलाखत?

"दुसरी तारीख देत नाहीत ते. घेतलं कोणालातरी."

हे तिने मोजता मोजता सांगितलं. चिमट्याने एकेक गुलाबी किडा बाजूला सारत होती. ओठ हलत होते.

मी म्हणालो, मला एक फोन तरी करायचास.

"केला असता तर तू भांडत बसला असतास. मला होडी पकडायची होती."

मग मी सांगितलं. पाचही पिशव्या एका जागच्या आहेत. किडे मी इकडचे तिकडे केलेत. म्हणालो, हे वापरू नकोस.

"वापरणार नव्हतेच," ती म्हणाली. "ठेव तिकडे खाली. औषध मोरीत ओतू नको, मी बघते."

बरण्या खाली ठेवल्या. पुढचं बोलायचं होतं. मी म्हणालो, योगिनी.

तिचे ओठ थांबले. तिने डोळे मिटले, बोटं मोजली, मान हलवली. काढलेले सगळे किडे पुन्हा एकत्र केले.

"शंभराच्या वर गेले होते रे," ती म्हणाली. चिडून नाही. दमून. "तू बाहेर जा ना. आणि दार लावून घे."

तिने पहिल्यापासून सुरुवात केली. एक. दोन. तीन.

मी बाहेर आलो. दार लावून घेतलं.