ओट्यावरच्या ग्लासात जिन आहे

आई,

झाकलेला ग्लास औषध समजून ओतून देऊ नका. ओक लाकडाच्या पिंपात आठ महिने ठेवलेली जिन आहे; ही दारू एरवी पाण्यासारखी दिसते, लाकडामुळे चहासारखा रंग आलाय.

बर्फ, सोडा, लिंबू काही घालू नका. ग्लास दोन मिनिटं तळहातात धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. मग छोटा घोट जिभेवर फिरवा. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा तेच.

जे जाणवेल ते खाली लिहा. शब्द तुमचेच हवेत. परवा माझ्या अत्तराला तुम्ही "ओलं पोतं" म्हणालात, तसे.

कारण सांगते. तापानंतर महिनाभर मला वासच येत नाही. काल दूध करपलं तेव्हा तुम्ही आतल्या खोलीतून ओरडलात, "सूनबाई, नाक गहाण ठेवलंय का?" मी पातेल्यासमोरच उभी होते.

आज चार वाजता आमच्या जिनच्या कारखान्यात मला सांगायचंय, पिंप आता रिकामं करायचं की अजून ठेवायचं. चुकले तर चव ठरवायचं काम माझ्याकडून जाईल. ह्यांना यातलं काही माहीत नाही. एक वाजता फोन करते.

पाण्याआधी वास: ________

पाण्यानंतर: ________

लाकडाची चव जास्त उतरलीय का: ________

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

सकाळी मीही असाच कागद भरून पाहिला. तिन्ही ओळींत जिभेला लागलं तेवढंच आलं: गार, झणझणीत, ओलं.