पहिल्यांदा ऐकताना

शुक्रवार, १२ सप्टेंबर

१. ऑर्सन थेलचं ‘टोल बूथ’ हे नवं गाणं आज आलं.
२. सकाळी सात वाजता आश्लेषाने आणि मी पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून ते ऐकलं. ठरल्याप्रमाणे दोघींपैकी कुणीही आधी ऐकलेलं नव्हतं.
३. चौथ्या मिनिटाच्या आसपास गाणं एकदम थांबतं. गिटारचा सूर मध्येच तुटतो. संपलं असंच वाटतं.
४. मी ‘बाप रे!’ म्हणून बटणाकडे हात नेला. आश्लेषा हलली नाही. डोळे मिटून, श्वास रोखून बसली होती.
५. मग ड्रम्स परत आले. मी दचकले. ती हसली – ड्रम्स यायच्या आधीच.
६. म्हणजे क्रमांक २ मधलं दुसरं वाक्य खोटं आहे.

विचारलं. ‘नाही गं! शप्पथ!’ म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. एका प्रश्नाचं उत्तर एकदाच घ्यायचं असतं.

गाणं मात्र – काय गाणं आहे! अकरा वर्षं हा माणूस गप्प होता. आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि आवाज खालच्या पट्टीत फाटतो. ते फाटणं त्याने लपवलेलं नाही. दुसऱ्या कडव्यात बास गिटार जवळजवळ एकटीच चालते, आणि तो शब्द गात नाही, ठेवतो. एकेक. ऑफिसला पोचेपर्यंत तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदाही त्या शांततेत हात बटणाकडे गेला.

तिने हे पहिल्यांदा माझ्याबरोबर ऐकलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

नियम तिचाच होता, हे नोंदवून ठेवते. अमेरिकेत मास्टर्सला आले तेव्हा मला थेल माहीतच नव्हता. मिरजेहून आलेली मी, अभ्यास आणि भात एवढंच करायचे. नागपूरची ही रूममेट एकदा माझ्या कानात तिचा इअरफोन खुपसून म्हणाली, ‘अबे, हे ऐकल्याशिवाय तू इंजिनीअर कशी होशील?’ ते सगळं जुनं होतं. तो नवं काही काढतच नव्हता. तेव्हाच तिने ठरवून टाकलं – कधी नवं आलंच, तर पहिलं ऐकणं दोघींनी एकत्र. गाडीत, इंजिन बंद, फोन मागच्या सीटवर.

ऑगस्टमध्ये पहिलं नवं गाणं आलं तेव्हा तसंच ऐकलं. ती रडली, मी नाही. पण स्टिअरिंगवर हाताचे ठसे राहिले होते.

असा नियम जी करते तीच मोडते. बरं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आश्लेषा हल्ली लवकर निघते. बॅग खांद्याला, केस ओले. ‘काम वाढलंय,’ म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

संध्याकाळी मी डाळ लावत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

‘नीलू, जॉब गेला.’

‘कधी?’

‘अकरा तारखेला. आख्खी टीम. नऊला मीटिंग, दहाला लॅपटॉप बंद.’

‘आणि रोज सकाळी बॅग घेऊन कुठे जात होतीस?’

‘लायब्ररीत. अर्ज भरायला.’ मग हसायला लागली, हसताना नाक ओढत. ‘तुला सांगितलं असतं ना, तर तू एक्सेल उघडलं असतंस. मला दोन दिवस नुसतं रडायचं होतं, यार.’

मी एक्सेलच उघडलं. व्हिसाच्या नियमाने साठ दिवस. त्याआत एखाद्या नव्या कंपनीने कागद भरले तर राहायचं, नाहीतर परत. म्हणजे १० नोव्हेंबर. तारीख लाल केली आणि तिला पाठवली. ती म्हणाली, ‘थँक्यू हं, फारच मायाळू आहेस.’

अकरा तारीख म्हणजे ‘टोल बूथ’च्या आदला दिवस. त्या सकाळी ती माझ्या शेजारी बसून गाणं ऐकत होती आणि नोकरी गेल्याचंही लपवत होती. एकदा नाही, दोनदा खोटं.

रविवार, ५ ऑक्टोबर

तिने आमच्या कंपनीतही अर्ज टाकलाय. माझा मॅनेजर गिरीश, त्याच्या टीममध्ये – म्हणजे माझ्याच. ‘रेफरन्समध्ये तुझं नाव नाही टाकलं. उगाच तुला ऑकवर्ड व्हायला नको.’

इतर तीन ठिकाणांहून नकार आलाय. दोन ठिकाणांहून उत्तर नाही. आता आमचीच जागा खरी.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तिसरं गाणं. ‘कॉपर’. सातला गाडीत.

मी गाणं ऐकलं नाही, तिला ऐकताना पाहिलं. पहिल्या ठेक्याला भुवया वर. मध्ये सगळी वाद्यं जाऊन नुसतं ऑर्गन राहतं, तिथे तिने माझा दंड पकडला. शेवटी तोंडावर हात. या वेळी खरंच आधी ऐकलेलं नव्हतं.

‘कसलं भारी आहे, बे!’ म्हणाली. ‘मी जाईन परत नागपूरला, नाहीतर जाईन खड्ड्यात, पण हा माणूस परत आलाय!’

मी म्हणाले, ‘ऑर्गन जरा पुढे आहे मिक्समध्ये.’

‘तुझं ना, लग्न साउंड मीटरशी लावून द्यायला पाहिजे.’

मला ‘कॉपर’ पहिल्यांदा ऐकायला मिळालं नाही. तेही तिच्यामुळेच.

शनिवार, १८ ऑक्टोबर

गिरीशच्या घरी फराळ. अ‍ॅशबर्नमधली निम्मी मराठी मंडळी तिथे. बुटांचा ढीग दाराबाहेर फूटपाथपर्यंत. गिरीशच्या बायकोने, वसुधाताईंनी, आश्लेषाला आल्या आल्या स्वयंपाकघरात ओढून नेलं. अर्ध्या तासात ती त्यांना चिवडा नागपूरकडे कसा करतात ते सांगत होती आणि पाच बायका हसत होत्या. ती कुठेही पाच मिनिटांत घरची होते. मला जमत नाही. मला त्याची गरजही नाही.

गिरीश सोडा आणायला गॅरेजमध्ये निघाला. मला म्हणाला, ‘चल, क्रेट उचलायला मदत कर.’ क्रेट एकच होता आणि हलका होता.

‘तुझ्या आश्लेषाचा रेझ्युमे आलाय. इंटरव्ह्यू छान झाला. आता दोघंच उरलेत, सोमवारी फायनल करायचंय. तू बोल.’

‘काय बोलू?’

‘तुला माहितीये मला काय विचारायचंय.’

माहीत होतं. आमच्याकडे चालू डेटा सेंटरमध्ये वीज एका लाइनवरून दुसरीवर घेताना पॅनेलपुढे दोन माणसं लागतात. एक कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा ती करतो, मग दोघं सही करतात. पुढची पायरी त्यानंतरच. न केलेल्या पायरीवर कुणी सही केली तर हजारो मशीन बंद पडतात, किंवा माणूस मरतो. हुशारी नंतर. आधी एकच गोष्ट – ‘केलं’ म्हणाला तर केलेलं असलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणाला तर नाही.

गिरीशने विचारलं, ‘रात्रीच्या शिफ्टला तू एकटी तिच्याबरोबर पॅनेलपुढे उभी राहशील?’

मी विचार केला. खरंच केला. मग म्हणाले, ‘नाही.’

‘ओह.’ तो क्रेटवर बसला. ‘असं काही झालंय?’

‘हो. सरळ प्रश्न विचारला होता. तोंडावर खोटं सांगितलं. एकदा नाही.’

‘सीरियस?’

‘प्रश्न लहान होता. पण म्हणूनच. लहान गोष्टीत खोटं बोलायला कारणही लागलं नाही.’

‘तिचा व्हिसा–’

‘तू पॅनेलबद्दल विचारलंस. व्हिसाबद्दल नाही.’

तो क्रेटवरून उठला. ‘तू उगाच कुणाबद्दल बोलत नाहीस,’ म्हणाला. ‘म्हणून तुला विचारलं.’

आत आलो तर आश्लेषा हातात चकली घेऊन दारातच. ‘काय बे, गॅरेजमध्ये प्रमोशन मागत होतीस का?’

‘सोडा आणत होते,’ मी म्हणाले. क्रेट माझ्या हातात होता. वाक्य खरं होतं.

सोमवार, २० ऑक्टोबर

गिरीशने दुसऱ्याला घेतलं. अनिश नावाचा मुलगा, अ‍ॅरिझोनाहून येतोय.

घरी आले तेव्हा आश्लेषाला मेल आली होती. कोचावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ‘थेल लाव ना,’ म्हणाली. ‘टोल बूथ’ लावलं. ती शांतता आली तेव्हा दोघीही हललो नाही. आता दोघींनाही माहीत होतं ड्रम्स येणार ते.

शनिवार, १ नोव्हेंबर

तिने सामान वाटायला काढलं. कुकर मला. मोठी कढई वसुधाताईंना. हिवाळ्याचे दोन कोट शेजारच्या चैत्रालीला – ‘नागपुरात काय करू? रसवंतीवर घालून जाऊ?’ चैत्राली रडायला लागली, तिलाच आश्लेषाने पाणी दिलं.

कुकरची शिट्टी ढिली आहे. सांगितलं नाही तिने. बघूनच कळलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वसुधाताईंचा फोन आला, तिला. अर्धा तास. दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला लागली. माझी पाळी होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आजच चौथं गाणं यायचं होतं आणि आजच तिचं विमान. सातला मी खाली गाडीत जाऊन बसले. ती आली नाही. मी लावलं नाही.

दुपारी तिला डलेस विमानतळावर सोडायला निघालो. अंतर फार नाही. टोल रोडला लागताना ती म्हणाली, ‘लाव.’

‘इंजिन चालू आहे.’

‘लाव गं, नीलू.’

लावलं. हे गाणं सगळ्यांत वेगळं आहे. ड्रम्स नाहीत. नुसता पियानो, आणि तो बोलल्यासारखा गातो, एखादा माणूस अंगणात उभा राहून दार ठोठावावं की नाही ठरवत असावा तसा. शेवटची ओळ तो पूर्ण करत नाही. फाटलेला आवाज तसाच सोडून देतो. मी कधीही त्याचं यापेक्षा चांगलं काही ऐकलेलं नाही. मला आधीच्या एक्झिटला बाहेर पडायला हवं होतं, ते चुकलं.

संपल्यावर ती म्हणाली, ‘तूच सांगितलंस ना गिरीशला?’

‘हो.’

‘काय सांगितलंस?’

‘की तू खोटं बोलतेस.’

‘कधी बोलले मी?’

‘टोल बूथ. आधी ऐकलं होतंस.’

ती माझ्याकडे वळून बसली. मग हसली. तसं हसणं मी तिचं आधी पाहिलं नव्हतं.

‘एका गाण्यासाठी?’

‘गाण्यासाठी नाही. शप्पथ घेतलीस त्यासाठी.’

‘आदल्याच दिवशी नोकरी गेली होती माझी. झोप नव्हती. बाराला गाणं आलं, कानाला लावलं. दुसरं काय होतं माझ्याकडे? सकाळी तू एवढी तयार होऊन बसली होतीस, कॉफी आणली होतीस दोघींना. तुझं पहिलं ऐकणं मोडायचं नव्हतं मला, म्हणून नाही म्हणाले.’

‘मग तेच सांगायचं होतंस.’

‘तुला?’ ती म्हणाली. ‘तुला कुणी काही सांगतं का गं, नीलांबरी?’

नीलांबरी म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

टर्मिनलपाशी मी बॅगा उतरवायला गेले. ‘राहू दे,’ म्हणाली. दोन्ही बॅगा स्वतः ओढल्या. एका बॅगेचं चाक अडकत होतं. ती थांबली नाही, तशीच ओढत गेली.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन्ही खोल्या एकाच थर्मोस्टॅटवर आहेत. म्हणजे हीटिंगचं बिल तेवढंच येईल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अनिश चांगला आहे. पायरी केल्याशिवाय सही करत नाही. काल रात्री सहा तास त्याच्याबरोबर पॅनेलपुढे होते, एकही चूक नाही. म्हणजे माझा निर्णय बरोबर होता. कागदावर तरी त्यात काही सापडत नाही.

ब्रेकमध्ये त्याला विचारलं, ऑर्सन थेल ऐकतोस का. ‘कोण?’ म्हणाला. मग फोन काढून बघायला लागला. मी म्हणाले, राहू दे.

अल्बम पुढच्या शुक्रवारी. बारा गाणी. त्यांतली चार माहीत आहेत, आठ नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वसुधाताई ऑफिसच्या पार्टीत भेटल्या. मला नमस्कार केला, गिरीशच्या बायकोने टीममधल्या कुणालाही करावा तसा. कढईबद्दल काही बोलल्या नाहीत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अल्बम आला. रात्री बारालाच ऐकला, एकटीने, सगळा. मग परत पहिल्यापासून.

सकाळी आश्लेषाला मेसेज केला: ‘अल्बम आलाय. मी अजून ऐकलेला नाही, शप्पथ. रविवारी तुझ्याकडच्या वेळेने संध्याकाळी साडेसातला, कॉलवर एकत्र ऐकायचा का? शनिवारपर्यंत कळव.’