डिझेल पिकअप आणि बाकीची किरकोळ मालमत्ता

मी खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांची दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीत, भरल्या पोटी आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे. समोर वकीलबाई आहेत, आणि ही, म्हणजे माझी बायको, शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचते आहे. त्याला दडपण म्हणायचं नाही, असं तिचं म्हणणं आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात हिची, हिच्यानंतर मुलगा व मुलगी यांची निम्मी-निम्मी. मागचं दार अडकतं, ते खांद्यानं ढकलावं. रंधा मारू नये. मुलाने एकदा मारला, तेव्हापासून फटीतून मांजर ये-जा करतं.

२. गॅरेज, इंजिन उचलायचा चेनब्लॉक व सर्व पाने-पकडी मुलीस. मुलाने रुसू नये. पोरगा गुणी आहे, पण स्क्रू घट्ट कर म्हटलं की सैल करतो.

३. माझा दाढीचा वस्तरा मेहुण्यास. पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवायला घेतलं तेव्हा हे गृहस्थ चार लोकांत म्हणाले, "दाजी, हे इंजिन बसलं तर मिशी उतरवीन." इंजिन बसलं. मिशी अजून जागेवर आहे.

४. पिकअप. या गाडीबद्दल घरात वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मुलगा म्हणतो, "बाबांच्या मागे आई कुठे गाडी चालवत बसणार? विकून टाकू." कशी विकतो बघतोच!

गाडी मूळची पेट्रोलची. भंगारातल्या व्हॅनचं डिझेल इंजिन मी आणि हिने मिळून तिच्यात उतरवलं. इंजिन ज्यावर बसतं ते जुने माउंटिंग कापले, नवे वेल्ड केले. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. चेनब्लॉक मी ओढायचो आणि खालून ही ओरडायची, "अहो, डावीकडे! तुमचं डावं नव्हे, गाडीचं!" शेवटी इंजिन सुरू झालं आणि आम्ही दोघं गॅरेजभर नाचलो.

मग मी ऐटीत चावी फिरवून काढली. इंजिन चालूच! जन्मभर दुसऱ्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त केली, पण स्वतःच्या गाडीत वायरिंग पेट्रोलचंच ठेवलं आणि डिझेल बंद करायची केबल जोडायची राहून गेली; डिझेल तोडल्याशिवाय हे इंजिन थांबत नाही. डिझेल पंपावरचा, ते तोडायचा दांडा अडचणीत, हात पोचेना. मी चावी हातात घेऊन "थांब, थांब" करतोय, जणू ते ऐकणारच होतं. ही शांतपणे आत बसली, वरचा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. एक हिसका, की इंजिन गप्प. खाली उतरून म्हणाली, "चहा ठेवू?" त्या क्षणी मी हिच्या नव्याने प्रेमात पडलो. हे मुलांनी वाचलं तरी हरकत नाही.

सबब, सदर पिकअप माझ्या पश्चात हिला द्यावी. हिच्या हातून चावी कोणीही काढून घेऊ नये.

हे वाचून हिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "म्हणजे गाडीसाठी मी तुमच्या मरणाची वाट बघायची? नको बाई. द्यायची तर आत्ता द्या. मला तुम्हाला घेऊन फिरायचंय."

वकीलबाई हसल्या आणि त्यांनी नावबदलीचे कागद पुढे केले. मी तिथल्या तिथे सह्या केल्या.

त्यामुळे कलम चार रद्द. गाडी आता माझी नाही, आणि जे आपलं नाही ते कोणाला देता येत नाही. मुलाने विकण्याबाबत नव्या मालकिणीशी बोलावं, हिंमत असल्यास.

साक्षीदार: १. गॅरेजसमोरचा शिंपी. २. या ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाई. दोघांनी मला सही करताना पाहिलं व त्यांच्या सह्या माझ्यासमोर झाल्या.

सही: माझीच, घाईत केलेली. खाली ही हॉर्न वाजवते आहे.

स्थळ: वकीलबाईंचं ऑफिस.

तारीख: आजची. यानंतर आम्ही घरी सापडलो नाही, तर काळजी करू नये.