मुळांसकट वजन

बाबा, गांजाच्या ज्या झुडपांमागे तुम्ही उत्पादन शुल्क खात्यात उभी नोकरी घालवलीत, त्यांच्याबद्दल वाचायचा मला आता पगार मिळतो. हसू नका. अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधिमंडळाने, हा धंदा कायदेशीर केला तर नियम कसे घालायचे, याचा अभ्यास केलाय, आणि त्याचा गोषवारा इथल्या देरा भागातल्या आमच्या ऑफिसात मी लिहिते. इथे दुबईत चिमूटभर जवळ सापडला तरी माणूस संपला. करामा भागातल्या आमच्या घरी लेक स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, "आई, इज धिस इव्हन अलाउड?" म्हटलं, "वाचायला आहे गं, ओढायला नाही."

वाचताना मजा येते. कुंपण किती उंच, शाळेपासून दुकान किती लांब, सगळं तुमच्यासारखं काटेकोर. मग वजनाचं प्रकरण आलं. मोजायचा तो नुसता वाळलेला फुलोरा. मुळं, देठ, माती सोडून. तिथे मी अडले. आपल्या कायद्यातही फुलोराच होता ना? तुम्हाला माहीत नव्हतं, की साहेबांना आकडा मोठा हवा होता? खरंच विचारतेय, भांडत नाहीये.

कारण तुमचा डबा घेऊन मी त्या तुरीच्या शेतात आले होते. दोन्ही पंच बांधावर उभे आहेत, काट्याला तुरीतून उपटलेल्या गांजाची ओली मोळी लटकतेय, आणि शेतवाला म्हातारा म्हणतोय, "साहेब, माती तरी झटका." तुम्ही म्हणालात, "सापडलं तसंच वजन करायचं असतं." त्या वजनावर तो दहा वर्षं आत गेला.

अभ्यासात शेवटी विचारलंय, चुकीच्या वजनावर झालेल्या जुन्या शिक्षा पुन्हा तपासाव्यात का. आमचे मॅनेजर म्हणाले, "ओल्ड केसेसवाला पार्ट निकालो, लंबा हो रहा है. यल्ला, जल्दी!" मी भांडून तो ठेवला. ठेवताना तुम्हाला दोषी धरतेय असं वाटून फार वाईट वाटलं.

तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून पंचनाम्याची सुवाच्य प्रत मी काढली होती. माझ्या अक्षरावर तुमचा भारी विश्वास, न वाचताच सही केलीत. बाबा, म्हाताऱ्याचं ते माती झटकायचं वाक्य तुमच्या कच्च्या कागदावर होतं. दुसरा कागद घ्यावा लागला असता, म्हणून मी ते गाळलं.