आतली खुर्ची

बाबा, परवा तुमच्या नातवाला डॉक्टरेट मिळाली. तुम्ही गेलात तेव्हा तो चड्डीची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेत होता, आता त्याच्या कानांजवळ पांढरे केस दिसतात. समारंभ कॅनडात झाला. मी तो इथे नागपुरात, यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून मोबाइलवर पाहिला. आमची दोघांची जायची सगळी तयारी झाली होती. व्हिसा आला होता, बॅग भरली होती, त्यात त्याच्यासाठी संत्रा बर्फी आणि भिवापुरी मिरचीचं तिखट होतं. आणि मग यांना दुसरा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता जे आहे ते असंच राहणार. बॅग अजून कपाटावर आहे. तिखट तेवढं मी काढून घेतलं, घरात लागतंच.

तिथेही एकेका विद्यार्थ्याला दोनच खुर्च्या मिळतात. आपल्याकडे दोन पास मिळायचे ना, तसंच. ते ऐकलं आणि मला तुम्ही आठवलात. म्हणजे तुम्ही नेहमीच आठवता, पण या वेळी सायकलरिक्षावर बसलेले आठवलात.

दादाची पदवी अकोल्याला होती. तुम्ही पार्सल ऑफिसातून रजा काढली, रेल्वेचा पास काढला, आईने पुऱ्या आणि ठेचा बांधून घेतला. गाडीत तुम्ही नवाकोरा सदरा घालून इतके ताठ बसला होतात की समोरच्या माणसाने विचारलं, "मुलगी पाहाले चालले का?" दादाने स्टेशनवरच समारंभाचे दोन्ही पास तुमच्या हातात दिले. एक तुम्ही आईला दिलात आणि दुसरा घेऊन सरळ त्याच्या खानावळीच्या बाईंकडे गेलात. दादा रडकुंडीला आला. "बाबा, तुम्ही या ना आत!" तुम्ही म्हणालात, "मी तुले पाहतोच गा. या बाईनं तुले तापात भाकर कुस्करून चारली, तिले पाहू दे." त्या बाई हात पुसत नको नको म्हणत होत्या. शेवटी आईचा हात धरून आत गेल्या. तुम्ही आणि मी बाहेर कडुनिंबाखाली शेंगा खात बसलो. मला तेव्हा ती सहलच वाटली होती.

माझ्या वेळी मला वाटलं होतं, या खेपेला तरी तुम्ही आत याल. दादासारखी मी घराबाहेर राहिले नव्हते, मला कोणी खानावळवाली नव्हती. पण तुम्ही शोधून काढलंतच. अजनीच्या क्वार्टरमधून सदरच्या कॉन्व्हेंटपर्यंत ज्यांनी मला लहानपणापासून नेलं-आणलं, ते रिक्षावाले काका. मी चिडले. म्हटलं, त्यांना मी रोज थँक्यू म्हणत होते, सिस्टरांनी शिकवलंच होतं तसं. तुम्ही हसलात. म्हणालात, "ते शाळेतलं झालं वं. आपल्या घरात त्याले शब्द नाही. शब्द नाही तं माणसाले खुर्ची द्याव. आतली खुर्ची, चांगली, पंख्याखालची." मग काका इस्त्रीचा सदरा घालून आईशेजारी मखमली खुर्चीवर बसले आणि भाषणात गाढ झोपले. तुम्ही फाटकाबाहेर त्यांची रिक्षा राखत बसलात. एका बाईने तुम्हाला विचारलं, "बर्डीले चलते का?" आणि तुम्ही म्हणालात, "थांबा लागते बाई. डायव्हर आतमंदी डिग्री घेऊन राहिला." ही गोष्ट आपल्या घरात किती वर्षं चालली! पुढे काका स्वतःच ती सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पंखे लय भारी होते बाप्पा."

मीही ती सांगत राहिले. माझ्या मुलाला तर इतक्यांदा सांगितली की तो लहानपणी खुर्च्या मांडून ती खेळायचा. एका खुर्चीवर त्याचं अस्वल आणि दाराबाहेर तो, म्हणजे तुम्ही.

म्हणून त्याने फोनवर विचारलं, "आई, तुमच्या दोन खुर्च्यांचं काय करू?" तेव्हा मी म्हटलं, "दे कोणालाही." एका खुर्चीवर त्याचा मित्र बसला. दुसरीवर निळ्या कोटातल्या एक बाई. कॅमेरा पाहुण्यांवरून फिरला तेव्हा त्या मला दिसल्या. माझ्याच वयाच्या, थोड्या जाड, चष्मा काढून डोळे पुसत होत्या. त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. इकडे यांनी चांगला हात उचलला आणि गादीवर आपटला. पुन्हा आपटला. मला कळायला वेळ लागला की तेही टाळ्या वाजवत आहेत.

रात्री, म्हणजे त्याच्या दुपारी, त्याचा फोन आला. त्या बाई त्याच्या घरमालकीण. दुसऱ्या हिवाळ्यात तो खोलीतून बाहेर पडेनासा झाला होता. आंघोळ नाही, जेवण नाही, कोणाचा फोन घेणं नाही. मला तो तेव्हा "काम खूप आहे" असा मेसेज पाठवायचा आणि मी यांना म्हणायची, बघा, किती अभ्यास करतो. त्या बाई रोज त्याच्या दाराबाहेर जिन्यावर सूप घेऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत, विणत बसायच्या. एक दिवस त्याने दार उघडलं. "त्या नसत्या तर काय झालं असतं माहीत नाही, आई," तो म्हणाला, आणि मग घाईघाईने, "आता ठीक आहे मी." नंतर म्हणाला, "आजोबांनी हेच केलं असतं ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आणि मग त्याने नोकरीचं सांगितलं. तिथलीच, कायमची. "तुम्ही दोघं या इकडे," असंही म्हणाला, पण त्यालाही माहीत आहे आणि मलाही की पलंगावरून खुर्चीत बसवायला यांना दोन माणसं लागतात.

त्या बाईंचा नंबर त्याने पाठवला आहे. "एकदा बोल ना त्यांच्याशी. त्यांना खूप बरं वाटेल." माझं इंग्रजी चांगलं आहे, बाबा, तुम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकवलंत. थँक्यू कसं म्हणायचं, त्याच्या पुढेमागे काय लावायचं, सगळं येतं. पण फोन हातात घेतला की मला तो जिना दिसतो. त्या तिथे बसल्या आहेत आणि दार त्यांच्यासाठी उघडतंय. त्यांनी माझा मुलगा मला राखून दिला, आणि तो त्यांच्याकडेच राहिला. याचे आभार कसे मानायचे, ते सिस्टरांनी शिकवलं नाही आणि तुम्हीही नाही.

एक गोष्ट मात्र या दिवसांत नव्याने आठवली. माझ्या पदवीच्या दिवशी घरी जाताना तुम्ही मला विचारलं होतं, पायऱ्या किती उंच होत्या, टोपी सरकली का, कागद देणाऱ्यांनी काही म्हटलं का, तू काय म्हणालीस. मी सांगितलं. नंतर स्वयंपाकघरात तुम्ही आईला तेच विचारलंत. आणि संध्याकाळी अंगणात काकांना. ते तर झोपले होते! तरी तुम्ही विचारत राहिलात, "पण नाव पुकारलं तवा तं जागे होते ना? कशी चालली ते सांगा." आम्ही हसलो होतो. बाबा, तुम्हाला आत यायचं होतं. किती यायचं होतं! आणि हे मला आत्ता कळतंय, विचारायला आई नाही आणि दादाही नाही तेव्हा. मला वाटलं होतं हे कळल्यावर माझं थोडं हलकं होईल. नाही झालं. तुम्ही ती खुर्ची स्वतः दिली होती. माझी गेली. आणि तुम्हाला मुलगी अर्ध्या तासात फाटकाबाहेर परत मिळाली.

तो समारंभ मी पुन्हा पुन्हा लावते. यांना औषध देताना, भाजी निवडताना. तो चालतो, टोपी सरकत नाही, कोणीतरी त्याचा हात हातात घेतं, आणि मग कॅमेरा निळ्या कोटावर जातो. तिथे मी बंद करते. कामाला येणारी मावशी काल म्हणाली, "बाई, पुरा काहून नाही पाहत?" मी म्हटलं, नेट जातं.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा शेवटचा पत्ता अजनीचं क्वार्टर, तेही पाडलं. यांच्या औषधांच्या डब्याखाली राहील.

आज सकाळी त्याने विचारलं, "केलास का फोन त्यांना?"

"केला," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"खूप बोलल्या. गोड आहेत."

तो इतका खूश झाला, बाबा. मी फोन केलेला नाही. नंबर तसाच आहे, मी त्याला नावसुद्धा दिलेलं नाही.