तुळशीतली तार

४ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार

वकिलांचा रेडिओ वाजला, पण नुसती खरखर. काल दसऱ्याचा मुहूर्त साधून दिनकरराव वकिलांनी आमच्या दुकानातून सेट नेला. बोळातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, आणि गाणं कमी, भजी तळल्यासारखा आवाज जास्त! हे आज पुन्हा गेले. माळवदावर दोन बांबूंच्या मध्ये एरियलची तार आहे, ती ठीक म्हणाले. कमी आहे ती अर्थिंग. म्हणजे सेटमधून दुसरी एक तार काढून ओल्या जमिनीत पुरायची. त्याला कमरेइतका खड्डा लागतो, कोळसा, मीठ, वरून रोज पाणी. वकिलांच्या मातोश्री बायनाबाई फरशी उखडू देईनात. "तुमच्या गाण्यापायी माझं अंगण खोदता का?"

जेवताना हे कुरकुरत होते. मी म्हणाले, रोज पाणी पडणारी माती त्यांच्या अंगणात आयतीच आहे की. तुळशीवृंदावन. खड्डा नको, कोळसा नको, मीठ वाया घालवायला नको. हे हसले. म्हणाले, मॅट्रिक बायको केल्याचं सार्थक झालं.

दुपारी हे तळहाताएवढा तांब्याचा पत्रा तुळशीच्या मुळांना धक्का न लावता मातीत पुरून आले. तारेचा सांधा वृंदावनाच्या कोनाड्यात, दिवा ठेवतात तिथल्या खिळ्याला गुंडाळला. तुळशीच्या पायाशी आपल्या दुकानाची तार — मला बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

कार्तिकस्नान सुरू केलं. पहाटेचं पाणी आताच बोचतं.

वकिलांकडे थोडी खरखर राहिलीच होती, म्हणून हे तिसऱ्यांदा गेले. सेटच्या आत कंडेन्सर म्हणून एक सुपारीएवढा तुकडा असतो, अर्थची तार त्याच्यातून बाहेर येते. तो काढून टाकला आणि तार थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला जोडली. आता पुण्याचं केंद्र घंटेसारखं ऐकू येतं म्हणे. वकील खूश. चार लोकांना नाव सांगतो म्हणाले. कचेरीतली कारकुनी सोडून दुकान काढल्यापासून यांच्या तोंडावर असं हसू मी पाहिलं नव्हतं. देवापुढे साखर ठेवली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वकिलांची बायको लीला आली होती. घरखर्च मांडायला शिकवा म्हणून येते. लग्नाला अजून दोन वर्षं झाली नाहीत. पण आज वही उघडलीच नाही.

"वहिनी, एक सांगू? हसू नका बरं."

"सांग की."

"तुळशीला पाणी घालताना माझ्या हातात झिणझिण येते. पार कोपरापर्यंत. रोज नाही, एखाद्या दिवशीच."

पहाटे उठून ती रेडिओ लावते, भजन सुरू करून अंघोळीला जाते, ओलेत्यानंच तुळशीला पाणी घालते आणि कोनाड्यात दिवा ठेवते. भजन चालू असलं तरच झिणझिण येते म्हणाली. "भजनाचा गुण असेल ना हो?"

मी म्हणाले, तुझी पूर्वपुण्याई. तसं म्हणाले खरं. पण ती गेल्यावर देवघरात जाऊन बसले. बाराव्या वर्षापासून माझे उपास चालू आहेत. मला कधी काही झालं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज पहाटे आपल्या तुळशीला हात लावून बराच वेळ उभी राहिले. काही नाही. थंडी तेवढी वाजली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. भाऊबीज

लीलाला न्यायला सोनपेठहून तिचा भाऊ आला होता. ती गेली नाही. कार्तिकाचा नेम मोडायचा नाही म्हणाली. भावाला इथंच ओवाळलं, तो जेवून संध्याकाळच्या मोटारीनं परत गेला. जाताना आमच्या ओट्याशी थांबून म्हणाला, "अक्का माहेरापेक्षा तुळशीतच जास्त रमायलीय. आई रुसंल."

छबूबाई भांडी घासता घासता सांगत होती — ती वकिलांकडेही काम करते — "म्हातारीनं तुळशीचं समदं सुनेवर टाकलंय. पयले कुणाला हात लावू देत न्हवती. आता लांबूनच पाया पडती." म्हातारपण, दुसरं काय!

३ नोव्हेंबर, रविवार. कार्तिकी एकादशी

लीला गेली.

४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहवलं नाही.

पहाटे भजन मोठ्यानं चालू होतं ते इथवर ऐकू येत होतं. मग छबूबाईची किंकाळी. मी धावत गेले तेव्हा लीला वृंदावनाशी पडलेली. ओलं लुगडं, केस मोकळे, तांब्या बाजूला कलंडलेला. डोळे उघडे होते. दिनकरराव "लीला, लीला" करत तिचे तळवे चोळत होते. आत भजन चालूच होतं. बराच वेळ कुणालाच बंद करायचं सुचलं नाही.

डॉक्टर आले. काळीज बंद पडलं म्हणाले.

बोळात आता एकच बोलणं. एकादशी, ओलेती, सवाशीण, तुळशीच्या पायाशी, कानावर देवाचं नाव. असं मरण ऋषिमुनींना मिळत नाही. बायका वृंदावनातली चिमूट चिमूट माती पदरात बांधून नेत आहेत. तिची आई सोनपेठहून आली तेव्हा सगळ्यांनी तिला हेच सांगितलं. ती रडायची थांबून ऐकत होती.

झिणझिणीचं मी सांगितलं. चूलखंडाशी बायका बसल्या होत्या त्यांना. ऐकून दोघी-तिघींनी हात जोडले.

६ नोव्हेंबर, बुधवार

बायनाबाईंनी निरोप पाठवला. घराला सूतक, देवाला आणि तुळशीला शिवता येत नाही. तेराव्यापर्यंत तुळशीला पाणी तू घालशील का? परक्या घरचं कुणी तरी हे करतंच, पण माझं नाव त्यांनी घेतलं. रोज दुपारी घरची कामं उरकून जाते. रेडिओवर चादर टाकली आहे. घरात पाय वाजवूनसुद्धा कुणी चालत नाही.

पाणी घालते, कोनाड्यात दिवा ठेवते, हात टेकवते. मनात नको तो विचार येतो. लीलाला आलं ते मलाही येईल का? काही येत नाही. माझ्या मागं आठ-दहा बायका हात लावायला उभ्या असतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

आज बायका अजून आल्या नव्हत्या. दिवा ठेवायला कोनाड्यात हात घातला आणि कुणी तरी दांडकं मारावं तसं खांद्यापर्यंत बसलं. मी मागं फेकले गेले. दिवा फरशीवर. दातांत दात घट्ट. आणि तेवढ्यात बंद दाराआडून हळू आवाजात बातम्या! दिनकररावांना राहवलं नसेल. सुतकात कुणी बघू नये म्हणून दार लावून ऐकत होते.

मी फरशीवर बसूनच होते. बातम्या संपल्या. रेडिओ बंद झाल्याची कळ वाजली, पिन ओढल्याचा आवाजही आला. मग मी उठले आणि बोटाच्या टोकानं तारेच्या सांध्याला शिवून पाहिलं. काही नाही.

माझं लुगडं कोरडं होतं. फरशी उन्हानं तापलेली होती. लीला ओलेती होती.

भजन चालू असलं तरच येते, असं तिनं मला माझ्याच घरात बसून सांगितलं होतं. आमच्या वेळी शाळेत मुलांना विज्ञान होतं, आम्हां मुलींना शिवणकाम. पण एवढं समजायला विज्ञान कशाला हवं होतं? मी तिला पूर्वपुण्याई म्हणाले!

१० नोव्हेंबर, रविवार

यांना विचारलं. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. दार लोटून घेतलं आणि विचारलं.

पहिल्यांदा उडवून लावलं. "तुझा वात असेल." मग मी बातम्यांचं सांगितलं. हातातला पेचकस ठेवायला जागा सापडेना यांना.

"पिन कशी लावतात ते?"

"मला काय माहीत?"

"दोन काट्यांची पिन, कशीही आत जाते. सुलटी गेली तर काही नाही. उलटी गेली तर सगळा सांगाडा जिवंत. मधला तुकडा असता तर थोपवला असता त्यानं. आणि जमिनीत खोल खड्डा असता तर फ्यूज तरी उडाला असता. वृंदावन विटांचं. माती नुसती वरून ओली, खाली जमिनीला कुठं टेकलीय?"

म्हणजे तुकडा यांनी काढला आणि जागा मी दाखवली.

"आणखी कुठं असं केलंय?"

"कुठंच नाही. बाकी सगळीकडं खड्डाच आहे."

"मग ती तार काढून या."

"काय सांगून काढू?"

"काहीही सांगा."

"आत्ताच का काढता, असं विचारलं तर? वकील आहे तो, अनसूया! त्याची बायको गेलीय. अदालतीत उभं करील मला. तू काय खाशील?"

मी म्हणाले, तेराव्यानंतर तो रेडिओ पुन्हा लागणार, आणि बोळातल्या सगळ्या बायका तिथं हात लावायला उभ्या असणार. हे भिंतीकडं तोंड करून बसले. जेवले नाहीत. मीही वाढलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

हे पिशवी घेऊन निघाले. बोळाच्या वळणावरून परत आले. दारात चपला खूप आहेत म्हणाले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज मीच पक्कड पदराखाली घेऊन गेले. दुपारच्या आधी, बायका यायच्या आत. दिनकरराव नदीवर विधीला गेले होते. आधी सरळ आत गेले, चादर उचलली, पिन भिंतीतून ओढून काढली. मग अंगणात येऊन कोनाड्यातली तार कापली. दुसरं टोक सेटच्या मागून उपसून काढलं. मातीत हात घालून पत्राही काढला. काळा पडला होता.

मागं वळले तर बायनाबाई दारात. सुतकात तुळशीजवळ येता येत नाही म्हणून उंबऱ्यातच थांबलेल्या.

"काय काढायलीस ग?"

मी सगळं सांगितलं. तार, तुकडा, पिन. जागा मी सुचवली तेही. मला वाटलं ओरडतील, माणसं गोळा करतील. त्या हळूहळू उंबऱ्यावर बसल्या.

"म्हणजे मला हाणत होतं ते हेच?"

मला कळेना.

"दसऱ्यानंतर दोन-तीनदा माझ्या हाताला असा तडाखा बसला, अनसूये. मला वाटलं, तुळस मला झिडकारतेय. पांढऱ्या कपाळाचं पाणी नको झालं तिला. कुणाला सांगणार? लाज वाटली. लीलाला म्हणाले, आजपासून तू घालत जा. तू सवाशीण आहेस, तुझं घेईल ती."

चूल विझलेली होती घरात, काही वाजतसुद्धा नव्हतं.

"दिनकररावांना मी सांगते," मी म्हणाले.

"नको." त्यांनी माझं मनगट धरलं. "तिची आई सोनपेठला काय म्हणून भाकरी खायलीय माहीत आहे? पोर विष्णूच्या पायाशी गेली म्हणून. तेवढंच आहे तिच्याजवळ. आणि माझ्या लेकाजवळपण. तार गेली ना? संपलं. तुझा नवरा वाचला, मी वाचले. आता तोंड उघडायचं नाही. वचन दे."

दिलं. खरं सांगायचं तर ऐकून मला हलकं वाटलं. यांच्यासाठी.

घरी येऊन पत्रा यांच्यापुढं ठेवला. हे रडले. मी कधी पाहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लीलाचं तेरावं. गेलो होतो दोघं. दिनकरराव यांना म्हणाले, "गोविंदराव, तुमचे उपकार. शेवटच्या घडीला तिच्या कानावर देवाचं नाव होतं ते तुमच्यामुळं."

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोंढ्यातल्या राधाकिशन शेठचे मुनीम बन्सीधर आले. शेठाणींना नवा रेडिओ घ्यायचा आहे, आणि वकिलांच्या घरी होती तशीच तार हवी. तुळशीत सोडलेली. वकिलांच्या बायकोसारखं मरण यावं म्हणतात. शेजारच्या दोन घरांचंही तेच म्हणणं आहे. मी आतून पाट आणला, मुनीमजींना बसा म्हणाले, आणि लीला कशानं गेली ते पहिल्यापासून सांगितलं. हे तिथंच उभे होते.