पान एकशे बारावरची दुहेरी रेघ

मी, या कागदाखाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रादेशिक इतिहास विभागाचा सेवानिवृत्त प्रमुख, आज पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी फार वैतागलेला आहे, तेही लिहा, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "त्याला दाखला कशाला? दिसतंय की."

ज्यांचा इथे उल्लेख आहे त्यांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या पुरवणीत आहेत. मुख्य मजकुरात मी प्रत्येकाला नात्याने किंवा कामाने संबोधले आहे. बत्तीस वर्षे लोकांची नावे लावण्यात घालवली आणि त्यात जो घोळ घातला तो पाहता, नावे वेगळ्या कागदावर, सावकाश लिहिलेली बरी.

कलम १. नऊ वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात राहते घर माझ्या पुतण्याला आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला दिली होती. कारण लिहिले होते, 'घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून.' वाक्य माझेच आहे, कोणावर ढकलत नाही. वकीलबाईंनी तेव्हा विचारले होते, "मुलीला विचारलंत का?" मी म्हणालो, "तिचं काही म्हणणं नसतं." तिचे म्हणणे नसते हे मला कोणी सांगितले होते, ते आज आठवत नाही.

कलम २. माझा स्वतःचा ग्रंथसंग्रह, अकरा फळ्या. त्यात गावांचे आणि घराण्यांचे इतिहास, शाळांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे बांधीव अंक आहेत. हा संग्रह मी ग्रंथालयाला देतो. ग्रंथालयाला तो नको आहे, याची मला कल्पना आहे. सध्याचे मुख्य ग्रंथपाल दोनदा म्हणाले, "सर, जागेचा प्रश्न आहे." जागेचा प्रश्न असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीतली निम्मी कपाटे जिन्याखाली गेली आणि तिथे आता मऊ खुर्च्या आणि कॉफीचे यंत्र आले आहे. आपल्या आजोबांचा शोध घेत आलेल्या माणसाला जिन्याखाली वाकून शोधावे लागते. कॉफी मात्र उभ्याने मिळते.

या देणगीला एकच अट आहे. ती कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी या भागातल्या चौसष्ट घराण्यांचा इतिहास लिहिला आणि ग्रंथालयाने तो छापला. प्रत्येक घराण्याचा एक तक्ता. मी पेन्सिलीने कच्चा काढायचा आणि माझ्या मुलीने तो शाईने पक्का करायचा. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नकाशे काढायला शिकत होती, आणि तिची रेघ एकदा ओढली की दुसऱ्यांदा ओढावी लागत नसे. आमची पद्धत अशी होती, की ज्या घराण्यात पुढे कोणी उरले नाही तिथे शेवटच्या नावाखाली आडवी दुहेरी रेघ मारायची. 'कोणी' म्हणजे मुलगा, असे मी कुठे लिहिले नव्हते. लिहायची गरजच वाटली नाही, इतके ते माझ्या डोक्यात पक्के होते.

पुस्तक आल्यावर वर्षभराने बाजारगल्लीतल्या टेलरबाई विभागात आल्या. खांद्यावर मोजपट्टी तशीच. सत्तेचाळिसावे पान उघडून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. ते गवंडीकाम करणाऱ्या एका घराण्याचे पान होते. खाली मी लिहिले होते, 'या घराण्यात आज कोणी हयात नाही.'

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या. "आणि ही त्यांच्या नावाखाली दोन रेघा. मग मी कोण?"

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. लाज वाटते, पण चांगली वीस मिनिटे समजावली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे मी तुमच्या पद्धतीत मेलेय. बरं. पण मला संध्याकाळी सहा ब्लाउज द्यायचेत."

आमच्या विभागात टेबलाला दोऱ्याने बांधलेली एक दुरुस्ती-वही असे. ती मीच सुरू केली होती. वाचकाला कुठल्याही पुस्तकात चूक सापडली तर तिथे लिहायची, आम्ही पडताळायची आणि त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची. मूळ मजकूर खोडायचा नाही, हा नियम. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. टेलरबाईंनी वहीत चार ओळी लिहिल्या. मी त्यांची, त्यांच्या दोन बहिणींची आणि पाच भाचरांची नावे चिठ्ठीवर लिहून ग्रंथालयातल्या सहाही प्रतींत पान सत्तेचाळीसवर एका कडेला खळ लावून चिकटवली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मागच्या वर्षी ग्रंथालयाने सगळी प्रादेशिक पुस्तके स्कॅन करून संगणकावर टाकली. कल्पना चांगली आहे, मी विरोधात नव्हतो. पण यंत्रात अडकतात म्हणून सगळ्या चिठ्ठ्या आधी उपटून काढल्या गेल्या. साडेचारशे चिठ्ठ्या, बत्तीस वर्षांच्या. मी मुख्य ग्रंथपालांना विचारले, "चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"सर, सुटे कागद होते ते."

"सुटे नव्हते. तुम्ही सुटे केलेत."

"पण चिठ्ठी म्हणजे पुस्तक नाही ना, सर."

मी सात अर्ज केले. सातव्याला उत्तर आले, की विषय समितीपुढे ठेवला आहे. आता टेलरबाई जगभर कुठूनही, कुठल्याही वेळी, एका बोटाने मृत घोषित होतात. पूर्वी त्यासाठी निदान जिने चढून यावे लागत होते.

तर अट अशी: दुरुस्ती-वही माझ्याजवळ आहे. निवृत्तीच्या दिवशी ती रद्दीच्या ढिगात दिसली, तेव्हा मी ती उचलून आणली. चोरी म्हणायची तर म्हणावी. त्या वहीतली प्रत्येक दुरुस्ती स्कॅन केलेल्या त्या-त्या पानाला जोडली गेली, तरच संग्रह ग्रंथालयाला द्यावा. एक वर्षात झाले नाही, तर अकराही फळ्या माझ्या मुलीच्या. तिने त्यांचे काय वाटेल ते करावे.

कलम ३. पुतण्याला माझी ॲल्युमिनियमची शिडी देतो. ती तीन वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे हस्तांतराचा त्रास नाही. शिवाय माझ्या पुस्तकाच्या न खपलेल्या एकशे चाळीस प्रती, पण त्या कशा द्यायच्या ते कलम चारमध्ये.

त्याच्यावर माझा राग नाही, असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. तो यंदा जानेवारीत आला. घर आताच नावावर करून दिले तर पुढची धावपळ वाचेल, असे त्याचे म्हणणे. बरोबर प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता. ग्रंथालयाच्या संगणकावरून छापून आणलेले माझ्याच पुस्तकाचे पान एकशे बारा, आमच्या घराण्याचा तक्ता.

"काका, तुम्हीच लिहिलंय की," तो म्हणाला. "बघा, तुमच्याखाली रेघ संपते. बाबांच्या खाली मी आहे, माझ्याखाली जागा आहे. घर घराण्यात राहावं, एवढंच म्हणतोय मी."

मी पाहिले. डावीकडे माझा भाऊ, त्याखाली तो. उजवीकडे मी, कंसात माझी पत्नी, आणि आमच्याखाली आडवी दुहेरी रेघ. सुबक, काटेकोर, दोन्ही टोके अगदी बरोबर जुळलेली. ती रेघ कोणाच्या हातची होती हे मला विचारावे लागले नाही.

पुतण्याला मी चहा न देता वाटेला लावले. मग पुस्तक घेऊन बसलो आणि पहिल्या पानापासून मोजले. चौसष्टांपैकी एकोणीस घराणी मी संपवली होती. त्यातल्या बारा घरांच्या मुली तेव्हा हयात होत्या. टेलरबाई भांडायला आल्या म्हणून त्यांची दुरुस्ती झाली. उरलेल्या अकरा घरांतून कोणी आले नाही, आणि मी ते बिनचूक असल्याची खूण मानली. त्या अकरांत एक घर माझे होते, आणि त्या घरात मी रोज जेवत होतो.

माझ्या पत्नीने पुस्तक आले त्या दिवशी ते उघडले, एका पानाशी थांबली, मिटले आणि म्हणाली, "छपाई छान आहे." पुन्हा तिने त्याला हात लावला नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली. त्या वाक्याचा अर्थ मला यंदाच्या जानेवारीत लागला. आता तिला विचारता येत नाही, याचा राग कोणावर काढू?

कलम ४. पुतण्याने त्या एकशे चाळीस प्रतींपैकी प्रत्येकीत त्या बारा घरांच्या बारा दुरुस्ती-चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने चिकटवाव्यात. सोळाशे ऐंशी होतात, मी हिशेब केला आहे. चिठ्ठ्या छापून तयार आहेत. खळ कशी करायची ते मागे लिहिले आहे. काम पूर्ण झाल्याची खात्री टेलरबाई करतील. तेवढे झाले की प्रती त्याच्या.

टेलरबाई या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाई सांगतात. त्यामुळे त्यांना काही ठेवता आले नाही. त्या म्हणाल्या, "मला काय द्यायचं ते पान सत्तेचाळीसवर द्या."

कलम ५. माझे राहते घर, स्वकष्टार्जित, आतल्या सर्व वस्तूंसह, तसेच बँकेतली शिल्लक, सर्व काही मी माझ्या एकुलत्या मुलीला देतो. घराण्याचे घर घराण्यात राहावे, हे पुतण्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. फेब्रुवारीत ती आली तेव्हा मी पान एकशे बारा तिच्यापुढे ठेवले. म्हटले, "ही रेघ काढलीस तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने पान जवळ ओढून पाहिले. मग म्हणाली, "कच्च्यात तुम्ही जे दिलं होतं, तेच मी पक्कं केलं, बाबा. वाटलं, तुमच्या शास्त्रात असंच असेल."

"तरी एकदा विचारायचं."

"विचारणार होते. मग म्हटलं, प्रुफं तपासताना तुमच्याच लक्षात येईल." पान मिटत तिने विचारले, "किती वेळा तपासली होतीत?"

मी खरे ते सांगितले. चार वेळा. ती उठली आणि चहाची भांडी विसळू लागली. माझ्या मुलीने वाट पाहिली, आणि मी त्या चारही वेळा स्वल्पविराम तपासत होतो.

कलम ६. माझी पोलादी पट्टी, शाईची लेखणी आणि माझी स्वतःची, पहिली छापील प्रत मुलीला. या प्रतीत पान एकशे बारावर चिठ्ठी लावू नये. आमच्या नियमाप्रमाणे दुहेरी रेघ खोडू नये, खरवडूही नये. ती मी मारायला लावली, ती दिसू दे. त्या रेघेतून खाली एक उभी रेघ ओढावी आणि तिथे तिने आपले पूर्ण नाव लिहावे. मी स्वतः प्रयत्न केला होता. पट्टी सरकते. शिवाय ती रेघ तिला माझ्याकडून मागून घ्यावी लागावी, असे आता मला वाटत नाही. तिच्या नावाखाली काय काढायचे, ते तिने ठरवावे. कच्चे मी देणार नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ९ मार्च २०२६, सकाळी साडेदहा.

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
(१) आमचे डॉक्टर.
(२) टेलरबाई. सहीत वडिलांचे नाव पूर्ण लिहिले आहे. ते त्यांच्या आग्रहावरून.

वरील मजकूर व पुरवणी मी सही करण्यापूर्वी पाच वेळा वाचली. पुरवणीतल्या पहिल्या ओळीवर दरवेळी बोट ठेवले. माझ्या मुलीचे नाव तिथे आहे.

(सही)